घरी शिकणारं पोर एकटं पडतं का?

"घरी शिकवलं की पोर एकलकोंडं होतं, दहावीला बसता येत नाही आणि आईबापाला मदतीला कोण नसतं" हा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय. लोक काळजीनंच पाठवतात, आमच्या आत्यानंही पाठवलेला.

दहावीचं आधी बघू. राज्य मंडळाचा 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते, आणि राष्ट्रीय मुक्त शाळेतून (एनआयओएस) वयाची 14 वर्षं पूर्ण झाली की दहावीला नाव घालता येतं. अटी फॉर्मसोबतच दिलेल्या असतात, त्या स्वतः वाचून घ्या.

आता एकटेपणा. हे तपासायला सोपं आहे, आठवडाभर वहीत लिहायचं, पोर आज कुणाकुणाशी बोललं. आमच्या लेकीच्या वहीत तालमीतली पोरं, कोल्हापुरात रंकाळा तलावावर फिरायला येणाऱ्या आज्ज्या आणि शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतले मामा निघाले, त्यांनी तिला गणपतीचे डोळे कसे रेखतात ते दोन तास बसवून दाखवलं, हात धरून!

मदतीचं मात्र खरंय, ती आपणहून दारात येत नाही, शोधायला लागते. वाचनालयात, क्लासबाहेर थांबलेल्या पालकांना सरळ विचारा. आम्हाला पोरांना घरी शिकवणारं पहिलं घर असंच सापडलं, आता शनिवारी त्यांची दोन पोरं आमच्याकडंच असतात.