शेतातलं काय राखायचं, हे ठरवण्याआधी
(आमच्या नकाशा सेवेबद्दल ग्राहकांसाठी माहिती)

पुण्याभोवती हवेली, मुळशी, खेड या तालुक्यांतली जी कुटुंबं आमच्याकडे येतात, त्यांच्यापुढे बहुधा एकच प्रश्न असतो. कर्ज, लग्न किंवा वाटणीपायी थोडी जमीन विकायची आहे, नाहीतर एनए (बिगरशेती) करायची आहे. पण कुठली? सौदा रस्त्यालगतच्या दरावर ठरतो आणि तुकडाही तिथूनच तुटतो. गटातली खोल माती त्याच तुकड्यात गेली, तर मागे मुरमाड माळ उरतो. गोदाम माळावरही उभं राहतं, ऊस-कांदा नाही. म्हणून सही करण्याआधी नकाशा बघा, असा आमचा आग्रह आहे.

भूमी अभिलेख विभागाचा गट नकाशा महाभूनकाशावर मिळतो. त्यावर आम्ही चढ-उतार, ओढे, विहिरी, पाट, रस्ते आणि प्रादेशिक आराखड्यातला झोन (शेती, रहिवास वगैरे) बसवतो. नदीकाठी पूररेषा आखलेल्या असतील तर त्याही दाखवतो: निळी साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या.

मातीसाठी तयार नकाशा पुरत नाही. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोचा राज्याचा मृदा नकाशा 1:2,50,000 प्रमाणाचा आहे. त्यावरचा एक सेंटीमीटर म्हणजे शिवारातले अडीच किलोमीटर. तुमच्या तीन एकरांत भारी रान कुठल्या अंगाला, हे त्यात दिसणार नाही. तिथे सेंटिनल-2 उपग्रहाची चित्रं कामी येतात. ती मोफत असतात, साधारण दर पाच दिवसांनी मिळतात आणि त्यांतला एक ठिपका 10 बाय 10 मीटरचा, म्हणजे जवळपास एक गुंठा असतो. पावसाळ्यातली बरीचशी ढगांमुळे वाया जातात. पण पावसानं ओढ दिल्यावर एखादं स्वच्छ चित्र हाती लागलं, की सोयाबीन कुठे आधी पिवळं पडलं ते दिसतं. तिथे माती उथळ असण्याचा संभव जास्त. एप्रिल-मेमध्ये हिरवं राहिलेलं रान पाहिलं, की पाणी कुठवर पोचतं ते कळतं.

एवढ्यावर आम्ही सल्ला देत नाही. शंकेच्या जागी खड्डा घेऊन टेप लावतो. वीतभर मातीखाली मुरूम लागला, तर बांधकामासाठी आधी त्या बाजूचा विचार करा. मीटरभर काळी माती निघाली आणि विहीरही जवळ असेल, तर भाव कितीही येवो, तो भाग शेवटपर्यंत सोडू नका, असं आम्ही स्पष्ट सांगतो.

ग्रामपंचायतींना हेच काम गावाच्या पातळीवर करून देतो. 2015 पासूनची चित्रं ओळीनं लावली, की पाटाखालच्या बागायतीत प्लॉटिंग कुठून कुठवर सरकलं ते ग्रामसभेतल्या प्रत्येकाला दिसतं.

आमचा नकाशा हद्दीचा पुरावा नाही. जुन्या कागदी नकाशांवरून काढलेली रेघ प्रत्यक्ष बांधापासून काही मीटर सरकलेली असू शकते. बांधाचा वाद असेल तर भूमी अभिलेखची सरकारी मोजणीच करून घ्या. तुकडा पाडण्याआधी तुकडेबंदीची, म्हणजे किती लहान तुकडा पाडता येतो याची, अटही तहसील कार्यालयात तपासा.

येताना सातबारा, आठ-अ आणि असेल तर जुनी मोजणी आणा. शुल्क क्षेत्रावर आणि खड्ड्यांच्या संख्येवर ठरतं; अंदाज आधी लेखी देतो. पाहणीच्या दिवशी ज्यांनी ते रान वर्षानुवर्षं कसलंय, त्या आजोबांना किंवा काकूंना शेतावर आणा. खड्डा कुठे घ्यायचा, ते आम्ही आधी त्यांना विचारतो.