शेअर बाजार नको, मग पैसे ठेवायचे कुठे?

निवृत्तीचे पैसे खात्यात जमा झाले की आमच्याकडे, म्हणजे पोस्टाच्या बचत योजनांच्या एजंटांकडे, येणारी बहुतेक मंडळी एकच विचारतात, "व्याज कुठे जास्त?" आम्ही आधी उलट विचारतो, की पैसे कधी लागणार आहेत आणि बुडाले तर भरून देणार कोण?

दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, मुद्दल आणि व्याज धरून. फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा फक्त १ लाख होती. एकाच बँकेच्या तीन शाखांत तुमच्या नावावर तीन ठेवी असल्या, तरी कवच तिन्हींना मिळून ५ लाखांचेच. सहकारी बँकेला हा विमा आहे, पतसंस्थेला नाही. पाटीवर 'बँक' आहे की 'पतसंस्था', एवढे तरी नीट वाचा. चेअरमन ओळखीचे आहेत म्हणून आयुष्यभराची पुंजी एकाच पतसंस्थेत ठेवलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. तसे कृपया करू नका.

साठी ओलांडलेल्यांना आम्ही पहिल्यांदा पोस्टाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना सुचवतो. मर्यादा ३० लाख, मुदत ५ वर्षे, व्याज दर तीन महिन्यांनी हातात. ८.२ टक्के दराने १० लाखांवर तिमाहीला २०,५०० रुपये होतात. दर सरकार तिमाहीला ठरवते, पण खाते उघडताना असलेला दर पाच वर्षे बदलत नाही. पंचावन्न ते साठच्या दरम्यान निवृत्त झालात, तर निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून तीन महिन्यांत खाते उघडा. वर्षाच्या आत मोडल्यास व्याज मिळत नाही, म्हणून दवाखान्यासाठीची रक्कम यात घालू नका. ती बँकेतच बरी.

नोकरी चालू असेल तर पीपीएफ, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे खाते. वर्षाला ५०० रुपयांपासून दीड लाखापर्यंत, १५ वर्षे. व्याजावर कर नाही. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल, तर तिच्या नावे सुकन्या समृद्धी हे सरकारी बचत खाते आजच काढा. थेट सरकारी रोखे, म्हणजे सरकारला व्याजाने दिलेले पैसे, हवे असतील, तर रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून १०,००० रुपयांपासून घेता येतात, खाते उघडायला पैसे पडत नाहीत.

सोन्याचे म्हणाल, तर दागिना हौसेसाठी घ्यावा. मोडताना घडणावळ आणि जीएसटी परत मिळत नाही. सोन्याच्या भावाशी जोडलेल्या सरकारी सुवर्ण रोख्यांची नवी विक्री फेब्रुवारी २०२४ नंतर झालेली नाही.

महिन्याला चार-पाच टक्के देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा, तो नात्यातला असला तरी.

आमच्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो. काही पोस्ट योजनांवर आम्हांला सरकारकडून कमिशन मिळते. पीपीएफ आणि ज्येष्ठ नागरिक योजनेवर २०११ पासून काहीच मिळत नाही. तरीही त्यांचे अर्ज आम्ही भरून देतो. येताना आधार, पॅन, दोन फोटो आणि वारसाची माहिती आणा. वारसाचे नाव लावल्याशिवाय आम्ही अर्ज पुढे सरकवत नाही.