घोडी गाडीची, घोडी बोटीची

इंदूरच्या कुठल्याही गॅरेजात ‘घोडी’ म्हटलं की एकच वस्तू समोर येते. चार पायांचा लोखंडी टेकू, मध्ये खाचांचा दांडा, वर हाताच्या पंज्याएवढी खोलगट वाटी. गाडी जॅकने उचलायची, चेसिसखाली घोडी सरकवायची, जॅक सोडायचा. चोरल किंवा हनुवंतियाच्या पाण्यात चालणारी फायबरची बोट खालच्या कामासाठी ट्रेलरवरून उतरवायची म्हटली, की मेकॅनिक याच चार घोड्या घेऊन हजर होतो. ‘हो जाएगा, भिया.’ होतंही, पण तळाला चार खळगे पाडून.

बोटीखाली लावतात तिलाही घोडीच म्हणतात आणि लांबून ती तशीच दिसते. काम मात्र उलट. गाडीची घोडी वजन पेलते. बोटीची घोडी बोटीला कलू देत नाही, एवढंच. वजन जातं कीलखालच्या लाकडी ठोकळ्यांवर. कील म्हणजे तळाच्या मधोमध पुढून मागे जाणारा कणा. जमिनीवर बोट उभी राहते ती त्याच्यावर.

असं का, ते आकड्यांत पाहू. सतरा फुटी बोट, साठ हॉर्सपॉवरचं इंजिन, बॅटरी, सामान मिळून सातशे किलो धरा. ट्रेलरवर ती दोन बंकवर बसते. बंक म्हणजे कार्पेट ठोकलेल्या लांब फळ्या. प्रत्येकी आठ फूट लांब आणि चार इंच रुंद फळी धरली, तर दोन्हींचं क्षेत्रफळ साधारण 4,800 चौरस सेंटिमीटर होतं, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम 150 ग्रॅम भार. आता गाडीची घोडी घ्या. वाटी फार तर 50 चौरस सेंटिमीटर. चार घोड्यांवर वजन सारखं वाटलं गेलं तरी प्रत्येकीवर 175 किलो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलो. भार तेवीस पट झाला. शिवाय तो सारखा वाटला जात नाहीच, कारण इंजिन मागे लटकलेलं असतं आणि मागच्या दोन घोड्यांवर निम्म्याहून बराच जास्त भार येतो. चेसिसच्या पोलादाला याचं काही वाटत नाही. काही मिलीमीटर जाडीचं फायबर मात्र आत दबतं. वरच्या जेलकोटला, म्हणजे बाहेरच्या चकचकीत थराला, कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात, आतली लांब लाकडी तुळई तळापासून सुटू लागते. खळगा राहून गेला तर वेगात बोटीचं नाक खाली दबतं, आणि लोक कारण इंजिनात शोधत बसतात.

दुसरी अडचण उताराची. गाडीच्या घोडीवर भार सरळ खाली येतो. बोटीचा तळ असतो इंग्रजी ‘व्ही’सारखा. बाजू 18 अंशांनी तिरकी असेल, तर घोडीवर खाली येणाऱ्या दर 100 किलोंमागे सुमारे 32 किलो जोर तिला बाहेर ढकलतो. गुळगुळीत फरशीवर घोडी निसटायला एवढं पुरेसं आहे. म्हणून बोटीच्या घोडीचा पाया रुंद असतो, वर फिरता स्क्रू आणि त्यावर हवा तसा कलणारा, फूटभर चौकोनी प्लायवुडचा तवा असतो. समोरासमोरच्या दोन घोड्या कीलखालून साखळीने एकमेकींना बांधतात. साखळी नसेल तर ती जोडी लावलीच नाही असं समजा. लोहामंडीतून अँगल आणून हे सगळं कुठलाही फॅब्रिकेटर बनवून देतो, पण साखळीची कडी वेल्ड करायला हमखास विसरतो. ती आधीच सांगून ठेवावी.

आता प्रत्यक्ष उतरवणं. यात क्रेन लागत नाही. ट्रेलर स्वतःच्या आसावर ढेकीसारखा वरखाली होतो, त्याचाच उपयोग करायचा. जागा सिमेंटची हवी. माळव्याची काळी माती पावसाळ्यात ठोकळासुद्धा गिळते, तिथे प्रत्येक टेकूखाली दोन फूट लांबीची जाड फळी लागेल. आधी तळाचं बूच काढून साचलेलं पाणी सोडा (एक लिटर म्हणजे एक किलो), पेट्रोलची टाकी उतरवा, बॅटरी काढा. ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचर लावा.

पहिली चाल: ट्रेलरचं तोंड, म्हणजे हुकाची बाजू, जितकी खाली जाईल तितकी खाली न्या. मागची बाजू वर येते. ट्रान्समजवळ, म्हणजे इंजिन बसतं त्या मागच्या भिंतीजवळ, कीलखाली ठोकळा बसवा आणि दोन्ही बाजूंना साखळी बांधलेल्या घोड्या लावा. साखळी जमिनीलगत राहू द्या. आडवा सरळ वासा घालून भागत नाही, तो फक्त कीललाच टेकतो. वासाच घालायचा असेल तर तळाच्या उताराप्रमाणे तासलेल्या पाचरी दोन्हीकडे हव्यात.

दुसरी चाल: तोंड हळूहळू वर. मागचे बंक बोटीपासून सुटतात आणि नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर येते. सगळ्यात जास्त घात इथेच होतो. बोट आता मागे कललेली असते आणि विंचचा पट्टा, म्हणजे नाळेला ट्रेलरच्या तोंडाशी ओढून धरणारा पट्टा, कोणीतरी ‘आता काय गरज’ म्हणून आधीच सोडलेला असतो. पट्टा नाळेला आधार मिळेपर्यंत राहू द्या, फक्त इंच-दीड इंच ढिला ठेवा. अगदी ताठ ठेवला तर वर जाणारा ट्रेलर बोटीला ओढतो आणि मागचा ठोकळा आडवा होतो. नाळेखाली आडवा वासा द्या, त्याची दोन्ही टोकं ठोकळ्यांच्या चळतींवर. त्या चळती दोन्हीकडे ट्रेलरच्या मडगार्डच्या बाहेर हव्यात, कारण ट्रेलर पुढे निघेल तेव्हा चाकं त्यांच्या मधूनच जाणार आहेत.

तिसरी चाल: पट्टा सोडा, तोंड पुन्हा खाली, पण अर्ध्यापर्यंतच; पूर्ण खाली नेलं तर मागचे बंक पुन्हा बोटीला लागतात. आता बोट जागेवर, ट्रेलर खाली. पाचरी काढून हाताने ढकलत ट्रेलर पुढे काढायचा, गाडीला जोडून ओढायचा नाही. गाडीच्या एका झटक्याला ट्रेलरची आडवी पट्टी कीलला घासते. ट्रेलरची चाकं पुढे निघून गेल्यावरच कीलखाली पुढचा ठोकळा सरकवायचा आणि पुढच्या घोड्या लावायच्या. पंधरा ते अठरा फुटी बोटीला प्रत्येक बाजूला दोन घोड्या पुरतात. तवा आतल्या आडव्या भिंतीच्या किंवा तुळईच्या रेषेत यावा. बाहेरून ठोकून पाहिलं की आवाजावरून जागा कळते.

स्क्रू हाताने घट्ट होईपर्यंत फिरवायचा, पुढे पाव फेरी, बस. गाडीच्या सवयीचा माणूस पाना लावून आणखी दोन फेऱ्या मारतो आणि बोट नकळत ठोकळ्यावरून उचलली जाते. ओळखायचं सोपं आहे: कीलखालच्या ठोकळ्याला लाकडी हातोडीने हलकेच टोला द्या. भार असेल तर ‘धप्प’ असा बसका आवाज येतो, सुटलेला असेल तर तो खुळखुळतो. खुळखुळला तर वजन घोड्यांवर आलंय, लगेच स्क्रू मागे घ्या.

ठोकळे साग किंवा सालाचे. वीट आणि पोकळ सिमेंट ब्लॉक नको, ते काही न सांगता फुटतात; लाकूड आधी करकरतं. चळत आडवी-उभी रचायची आणि तिची उंची पायाच्या दुपटीवर न्यायची नाही.

सपाट तळाच्या अॅल्युमिनियम बोटीला आणि पॉन्टूनला, म्हणजे पोकळ नळ्यांवर तरंगणाऱ्या सपाट बोटीला, कीलच नसते. तिथे वरचा हिशेब लागू नाही; दोन्ही बाजूंना लांब वासे घालून त्यांवरच वजन द्यायचं.

काम फक्त बंकचं कार्पेट बदलण्याचं असेल तर बोट उतरवूच नका. दुसऱ्या चालीपर्यंत जा, नाळेखालचा वासा लागला की तोंड चार इंच खाली घ्या आणि एका वेळी एकच फळी खोला. इंजिन काढायचं असेल तर उलट जास्त काळजी हवी: शंभरेक किलो मागून गेले की तोल पुढे सरकतो, म्हणून नाळेखालचा टेकू आधी पक्का करा. आणि एखादी घोडी रंगाच्या आड येत असेल, तर शेजारी दुसरी लावल्यावरच ती काढायची.

ताडपत्रीची दोरी घोडीला कधीच बांधू नका, ट्रेलरच्या तोंडाला किंवा जमिनीतल्या खुंटीला बांधा. मे महिन्यातली आंधी ताडपत्रीखाली शिरते आणि घोडीला पायातून ओढून नेते.