पार्श्वभूमी: सोफ्याच्या शिवणीतले लेबल

ब्रिटनमध्ये फर्निश्ड घर भाड्याने देताना एजंट सोफ्याच्या गाद्या उलट्या करून शिवणीत काहीतरी शोधताना दिसतो. तो शोधत असतो ते सोफा आगीपासून सुरक्षिततेच्या नियमांत बसतो हे सांगणारे, हाताच्या पंजाएवढे पांढरे लेबल, आणि त्याचा मथळाच मुळी ‘निष्काळजीपणामुळे आग लागते’ असा.

मे १९७९ मध्ये मँचेस्टरमधल्या एका मोठ्या दुकानात फर्निचर पेटले, फोमचा धूर वरपर्यंत पसरला आणि दहा जण दगावले. १९८० च्या नियमांनी जळत्या सिगारेटची चाचणी सक्तीची केली. १९८८ च्या नियमांनी काडीच्या ज्योतीची आणि आतल्या भरावाचीही चाचणी आणली.

घरमालक या जाळ्यात आले ते १ मार्च १९९३ पासून. आधीपासून भाड्याने दिलेल्या घरांतले जुने सामान १९९६ अखेरपर्यंत चालणार होते, मात्र त्यात नव्याने काही ठेवले तर ते नियमात बसायला हवे. १९५० पूर्वीच्या फर्निचरला सूट मिळाली, कारण त्यात हा फोम नसे. पडदे, गालिचे, दुलया वगळल्या. उशा मात्र आल्या.

खरा घोळ झाला तो ‘पुरवठा’ या शब्दाने. ‘व्यवसायाच्या ओघात’ पुरवठा करणाऱ्यावर नियम बंधनकारक, आणि सोफ्यासकट घर भाड्याने देणे हा पुरवठाच. मग स्लाउमधला फ्लॅट भाड्याने देऊन दोन वर्षांसाठी पुण्याला परतलेला माणूस व्यावसायिक म्हणायचा का? तात्पुरते, एकदाच घर देणारा बहुधा सुटतो, असा सौम्य अर्थ लावला गेला. ही पळवाटच म्हणायची. रात्री त्याच सोफ्यावर झोपणाऱ्या भाडेकरूला मालक हौशी की धंदेवाईक, याने काय फरक पडतो? एजंटांनी मात्र वाद न घालता सरसकट लेबल मागायला सुरुवात केली. टोचते म्हणून भाडेकरूनेच ते कापलेले असले, की सोफा नियमात बसतो हे दाखवायला जुनी पावती शोधण्याची वेळ मालकावर येते.

पुढे चर्चा रसायनांकडे वळली. ज्योतीच्या चाचणीत टिकावे म्हणून कापडात-फोममध्ये घातलेली काही ज्वालारोधक द्रव्ये आरोग्याला घातक निघाली. अशी द्रव्ये असलेले जुने सोफे आता पुरता येत नाहीत, भट्टीत जाळावे लागतात. ऑक्टोबर २०२५ पासून लहान मुलांच्या काही वस्तू नियमांतून बाहेर गेल्या आणि दुकानातले लटकते लेबल रद्द झाले. शिवणीतले कायम आहे.