चाकण पट्ट्यात चालू हॉटेल विकत घेताना: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

चाकण, महाळुंगे, खालुंब्रे, निघोजे या भागात कंपन्यांची पाळी सुटली की हॉटेलांसमोर दुचाक्यांची रांग लागते. गिऱ्हाईक बांधलेलं, आचारी हाताशी, नाव ओळखीचं, म्हणून नवं काढण्यापेक्षा चालू हॉटेल घेण्याकडे अनेकांचा कल असतो. विचार चांगलाच आहे. पण टेबलं, भांडी, फ्रीज आणि नाव विकत मिळतं, परवाने मिळत नाहीत. ते आपल्या नावाने नव्याने काढावे लागतात. जुनी थकबाकी मात्र व्यवहारासोबत आपल्याकडे येऊ शकते.

हॉटेल घेण्यासाठी शिक्षणाची अट नाही. वय १८ पूर्ण आणि पॅन, आधार व बँक खातं असलं की पुरे. कर्ज काढणार असाल तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं अनुदान गृहीत धरू नका. ते नवा उद्योग उभा करायला मिळतं, चालू धंदा खरेदी करायला नाही. हे विसाराची रक्कम देण्याआधीच कळलेलं बरं.

सगळ्यात जास्त वेळ जागेच्या कागदांना द्या. जागा एमआयडीसीच्या, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या, भूखंडावर असेल तर जमीन महामंडळाची असते आणि भूखंडधारकाकडे ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने असते. त्यामुळे हस्तांतरणाला किंवा पोटभाड्याने देण्याला महामंडळाची लेखी संमती लागते, शुल्कही भरावं लागतं. कारखान्यासाठी दिलेल्या भूखंडाच्या दर्शनी भागात हॉटेल थाटलेलं असेल, तर त्या वापराची परवानगी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. गावच्या जमिनीवर असेल तर सातबारा, अकृषिक वापराचा पुरावा, बांधकाम परवानगी आणि घरपट्टीची पावती मागा. भाड्याची जागा असेल तर जागामालकाशी आपला स्वतंत्र करार हवा. लीव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार बंधनकारक आहे. हॉटेलमालकाने ‘जागामालक आपलेच आहेत’ असं सांगितलं, तरी जागामालकाची सही समोर घ्या.

जीएसटी क्रमांक पॅनशी जोडलेला असतो, म्हणून नव्या मालकाला नवी नोंदणी लागते. चालू धंदा जसाच्या तसा घेतला तर हस्तांतरणाच्या तारखेपासून नोंदणी घ्यावी लागते आणि जुना मालक आपली रद्द करतो. जीएसटी कायद्याच्या कलम ८५ नुसार हस्तांतरणापर्यंतच्या थकीत कराला विकणारा आणि घेणारा दोघेही जबाबदार असतात. म्हणून भरलेली विवरणपत्रं आपल्या सीएला दाखवा आणि करारात थकबाकीचं कलम घाला. भविष्य निर्वाह निधीची थकबाकीही अशीच नव्या मालकाकडे येऊ शकते, तेव्हा त्याची चलनंही मागून घ्या.

अन्न परवान्याचा अर्ज अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) ‘फॉसकॉस’ पोर्टलवर होतो. उलाढालीनुसार नोंदणी किंवा परवाना लागतो. परवान्यासाठी ओळखपत्र, जागेचा पुरावा, स्वयंपाकघराचा नकाशा, यंत्रांची यादी आणि पाणी तपासणी अहवाल तयार ठेवा. कामगारांच्या वैद्यकीय तपासणीचे दाखलेही लागतात. परवान्याला ६० दिवसांपर्यंत लागू शकतात, म्हणून ताब्याची तारीख त्या हिशोबाने ठरवा. बिलावर या परवान्याचा किंवा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक छापावा लागतो. विक्रीनंतर जुन्या मालकाच्या क्रमांकाचं बिलबुक वापरू नका.

दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद कामगारांच्या संख्येप्रमाणे आपल्या नावाने करा. अग्निसुरक्षेची उपकरणं असतील तर परवानाधारक एजन्सीचं ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैचं आहे का, ते बघा. परमिट रूम असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाची वेगळी मंजुरी लागते. तो परवाना हॉटेलच्या करारात आपोआप येत नाही.

पैसे टप्प्याटप्प्यात द्यावेत, असं माझं मत आहे: करारावर थोडे, जागेची संमती हाती आल्यावर काही आणि अन्न परवाना व जीएसटी आपल्या नावावर झाल्यावर उरलेले. ताब्याच्या दिवशी महावितरणच्या मीटरचं रीडिंग, व्यावसायिक सिलिंडरची संख्या, कामगारांचे देणे पगार आणि खानावळीची उधारीची वही, सगळं दोघांच्या सहीने लिहून घ्या. महिन्याची खानावळ लावलेल्या कामगारांनी आगाऊ दिलेले पैसे कोणाकडे राहणार, हेही त्याच कागदावर आलं पाहिजे. पहिल्या तारखेला ते जेवायला आपल्याकडेच येणार आहेत.