टाचेतला खिळा आणि रिकामी कबर

१९६८ साली जेरुसलेमच्या उत्तरेकडे, गिवत हा-मिव्तार नावाच्या भागात बांधकामासाठी खोदकाम चाललं होतं आणि तिथे जुन्या यहूदी कबरी लागल्या. कबरी म्हणजे खडकात कोरलेल्या खोल्या. त्या काळात तिथे मयत आधी खोलीत ठेवायचे, वर्षभराने मांस गळून गेलं की हाडं गोळा करून दगडाच्या छोट्या पेटीत भरायचे. अशाच एका पेटीवर नाव खरवडलेलं होतं, येहोहानान. आत उजव्या टाचेचं हाड होतं आणि त्या हाडातून आरपार गेलेला साडेअकरा सेंटिमीटरचा लोखंडी खिळा. खिळ्याचं टोक वाकलेलं, बहुतेक लाकडातल्या गाठीला लागून, त्यामुळे तो काही निघाला नसावा, आणि घरच्यांनी तो हाडासकट तसाच पुरला.

आता गंमत बघा. रोमन लोकांनी हजारो माणसं क्रूसावर मारली असं त्या काळचेच लेखक सांगतात. पण टाचेत खिळा शिल्लक असलेलं हाड आजपर्यंत सापडलं ते हे एक आणि दुसरं इंग्लंडात, केंब्रिजच्या बाजूला फेनस्टँटन गावात २०१७ ला निघालेल्या सांगाड्यात. इटलीत एका टाचेला भोक दिसलंय पण खिळा नाही. हजारो माणसं आणि हातात एवढंच! कारण बऱ्याच जणांना दोरीने बांधायचे, खिळे असलेच तर उपटून परत वापरायचे, आणि प्रेतं कित्येकदा तशीच कुत्र्या-गिधाडांना सोडून द्यायचे. म्हणजे एखादी गोष्ट ढीगभर वेळा घडून सुद्धा जमिनीत तिचा मागमूस राहत नाही. मग येशू, गालीलातला एक गरीब उपदेशक, ना राजा ना सेनापती, त्याचा पुरावा किती मिळावा अशी अपेक्षा ठेवायची हे आधी डोक्यात पक्कं करावं लागतं, नाहीतर आपण उगाच एकतर फार मागतो किंवा फार लवकर खूश होतो.

ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा अगदी थोडक्यात सांगायचा तर येशू पंतय पिलात या रोमन सुभेदाराच्या काळात क्रूसावर मेला, त्याला पुरलं आणि तिसऱ्या दिवशी तो उठला. एकाच वाक्यात बसतं हे सगळं, पण त्यातल्या तुकड्यांना पुरावा सारखा लागू पडत नाही, आणि वादात सगळे नेमके इथेच घोटाळा करतात.

पिलातापासून सुरू करू. पिलात खरा होता याला लिखाणाबाहेरचा पुरावा बरीच वर्षं जवळपास नव्हताच, त्याची छोटी नाणी तेवढी होती, पण त्यावर त्याचं नाव नाही. १९६१ मध्ये इटालियन पुरातत्त्ववाले समुद्रकाठच्या कैसरियात रोमन थिएटर खणत होते, तिथे पायरीला लावलेला एक दगड उलटला तर खाली लॅटिन अक्षरं. अर्धी झिजलेली, पण पिलाताचं नाव आणि यहूदियाचा (म्हणजे जेरुसलेमभोवतालच्या प्रांताचा) प्रिफेक्ट हा हुद्दा वाचता येतो. म्हणजे आधी कुठल्यातरी इमारतीवर मानाने लावलेला दगड, नंतर कोणीतरी पायरीला वापरला. या दगडाने येशूबद्दल काही सिद्ध होत नाही. पण रोमन इतिहासकार टॅसिटस हा पिलाताला प्रोक्युरेटर म्हणतो, आणि दगड म्हणतो प्रिफेक्ट. टॅसिटस ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी लिहीत होता आणि त्याने आपल्या काळातला हुद्दा चिकटवला असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे हा काही सरकारी फाइल समोर ठेवून बसला नव्हता.

हा टॅसिटस महत्त्वाचा का, तर तो ख्रिस्ती लोकांचा अजिबात मित्र नव्हता. इ.स. ६४ ला रोम जळालं, नीरोने आळ ख्रिस्ती लोकांवर ढकलला, हे सांगताना तो जाता जाता लिहितो की या नावाचा मूळ माणूस ख्रिस्त, त्याला सम्राट तिबेरियसच्या राज्यात पिलाताने देहदंड दिला. पूर्ण तिरस्काराने लिहिलंय, या पंथाला तो घातक अंधश्रद्धाच म्हणतो. आता या मजकुराची आपल्याकडे असलेली सगळ्यात जुनी प्रत अकराव्या शतकातली, इटलीतल्या मोंते कासिनोच्या मठातली, सध्या फ्लॉरेन्सला आहे. त्या प्रतीत ख्रिस्ती या शब्दात एका अक्षराच्या जागी खाडाखोड दिसते. अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली बघितलं तर खाली पुसलेला ‘ए’ दिसतो, म्हणजे मूळ शब्द ‘ख्रेस्तियानोस’ होता आणि नंतर कोणीतरी तो ‘ख्रिस्तियानोस’ केला. वाचताना पहिल्यांदा वाटतं, अरे म्हणजे यांनी मजकूर बदलला! पण नीट विचार केला तर उलट आहे. रोममधले सामान्य लोक तेव्हा असाच चुकीचा उच्चार करायचे, आणि एखाद्या ख्रिस्ती साधूने हा परिच्छेद नव्याने घुसवला असता तर आपल्याच धर्माचं नाव असं चुकीचं कशाला लिहिलं असतं.

घुसवलेला मजकूर खरोखर कसा दिसतो ते बघायचं तर जोसेफस घ्या. हा यहूदी इतिहासकार, इ.स. ९३ च्या सुमारास त्याने यहूद्यांचा मोठा इतिहास लिहिला. त्यात येशूवर एक परिच्छेद आहे आणि त्यात सरळ लिहिलंय की हाच मशीहा, म्हणजे ख्रिस्त होता, तिसऱ्या दिवशी तो जिवंत दिसला. आता मरेपर्यंत यहूदी राहिलेला माणूस हे कसं लिहील? बरं, तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती पंडित ओरिजेन स्वतःच सांगतो की जोसेफस येशूला ख्रिस्त मानत नव्हता, म्हणजे त्याच्या हातातल्या प्रतीत ते वाक्य असणं अवघडच. चौथ्या शतकात मात्र चर्चचा इतिहासकार युसेबियस ते वाक्य आहे तसं देतो. मधल्या काळात कोणीतरी भक्तिभावाने पेन चालवलं, दुसरं काय. बहुतेक अभ्यासक म्हणतात की मूळ छोटा परिच्छेद होता आणि त्यावर कलम झालं, काही थोडे म्हणतात की आख्खाच बनावट आहे. पण त्याच पुस्तकात पुढे एके ठिकाणी याकोबाला दगडमार करून मारल्याची घटना येते आणि तिथे त्याची ओळख ‘ज्याला ख्रिस्त म्हणतात त्या येशूचा भाऊ’ एवढीच, कोरडी, कौतुकाचा एक शब्द नाही. मला विचाराल तर जोसेफसमधलं हेच अर्धं वाक्य त्या मोठ्या परिच्छेदापेक्षा वजनदार आहे.

तर येशू नावाचा माणूस होता आणि पिलाताने त्याला क्रूसावर मारलं, इथपर्यंत श्रद्धा असलेले आणि नसलेले इतिहासकार जवळपास सगळे एकत्र येतात. त्याचं आणखी एक कारण म्हणजे ही गोष्ट अनुयायांना अडचणीची होती. क्रूस म्हणजे गुलाम आणि बंडखोरांची शिक्षा, नागडं टांगून मारायचं. आपला तारणारा असा मेला हे मुद्दाम कोण रचेल! रोममध्ये पॅलाटाईन टेकडीवर भिंतीवर खरवडलेलं एक जुनं चित्र आहे, क्रूसावर गाढवाच्या तोंडाचा माणूस आणि खाली ग्रीकमध्ये लिहिलंय, अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतो. चिडवाचिडवी आहे ती. येशूच्या क्रूसाची जी अगदी जुनी चित्रं टिकली त्यातलं हे एक, आणि ते काढलंय टिंगल करणाऱ्याने.

आता पुनरुत्थान. इथे आधी विचारायचं की हे कधीपासून लोक म्हणत होते, शंभर वर्षांनी की लगेच? याचं उत्तर मिळतं ग्रीसमधल्या डेल्फीच्या एका फुटक्या शिलालेखातून. सम्राट क्लौडियसचं पत्र आहे ते, त्यात अखया प्रांताचा अधिकारी गॅलियो याचं नाव येतं आणि सैन्याने सम्राटाचा विजयी म्हणून कितव्यांदा जयजयकार केला तो आकडा येतो, त्यावरून गॅलियोचा कार्यकाळ इ.स. ५१-५२ असा ठरतो. बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांमध्ये, सुरुवातीचा ख्रिस्ती प्रचारक पौल याला करिंथ शहरात ज्याच्यासमोर उभं केलं तो हाच गॅलियो. एक खुंटा पक्का झाला की बाकीची दोरी ताणता येते. पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र यानंतर दोन-तीन वर्षांत, साधारण ५३ ते ५५ मधलं. त्यात पौल म्हणतो की मला जे मिळालं तेच मी तुम्हाला दिलं, ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला (म्हणजे शिष्य पेत्राला) दिसला, मग बारा जणांना. ग्रीकमध्ये याची चाल पाठ केलेल्या ओळींसारखी आहे, आणि नेहमीच्या पौलाचे नसलेले शब्द त्यात आहेत. गलतीकरांच्या पत्रात तोच सांगतो की मी केफाकडे पंधरा दिवस राहिलो आणि प्रभूचा भाऊ याकोब भेटला, आणि तो हिशोब तिसाच्या दशकात जातो. म्हणजे घटनेनंतर मोजक्या वर्षांत ही श्रद्धा तयार होती, पाठांतराला आली होती. ‘शेकडो वर्षांनी दंतकथा वाढली’ हे जे लोक बिनधास्त ठोकून देतात ते चूक आहे.

पण श्रद्धा लवकरची आहे म्हणजे घटना घडली असं होत नाही, हे दुसऱ्या बाजूने तितकंच बिनधास्त विसरलं जातं. पौल ‘दिसला’ म्हणतो, कसा दिसला ते सांगत नाही, रिकाम्या कबरीचा उल्लेख करत नाही, आणि स्वतःचा अनुभवही त्याच यादीत जोडतो. वेल्समधल्या एका डॉक्टरने १९७१ साली छापलेल्या अभ्यासात २९३ विधवा आणि विधुरांना विचारलं होतं, त्यातल्या जवळपास निम्म्यांना गेलेला जोडीदार जवळ असल्याचा कसला ना कसला अनुभव आला होता, आणि ही माणसं वेडी नव्हती. शिष्यांचं काहीसं असंच झालं असेल का? पेत्राचं असेल. पण पौल तर शोकात नव्हता, तो या लोकांच्या मागे हात धुऊन लागला होता. मग त्याला काय झालं यावर अंदाजांचे ढीग आहेत आणि एकही तपासता येत नाही.

रिकाम्या कबरीच्या बाजूने नेहमीचा मुद्दा असतो तो बायकांचा. चारही शुभवर्तमानांत, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान या येशूच्या चरित्राच्या पुस्तकांत, कबर रिकामी बघतात त्या बायका, आणि जोसेफसच लिहितो की बायकांची साक्ष घेऊ नये. रचलेलीच गोष्ट असती तर साक्षीला पुरुष उभे केले असते, असं म्हणतात. मुद्दा चांगला आहे पण तेवढा पोलादी नाही, कारण प्रेताला सुगंधी द्रव्यं लावायला बायका जाणं हे कथेत आपोआपच येतं. आणि मुळात क्रूसावर मारलेल्याला कबर कशी मिळेल असंही काही विद्वान विचारतात, त्यांच्यासाठी येहोहानानची पेटी आहेच, निदान एकाला तरी मिळाली होती.

कबरीचं ठिकाण म्हणून जेरुसलेममधलं पवित्र कबरीचं चर्च दाखवतात. २०१६ मध्ये तिथली संगमरवरी फरशी शतकांनंतर हलवली आणि अथेन्सच्या तांत्रिक विद्यापीठाच्या टीमने खालचा चुना तपासला. यात चुन्यातल्या वाळूच्या कणांनी शेवटचा उजेड कधी बघितला ते मोजतात. अंधारात कणांमध्ये किरणोत्सर्गाची ऊर्जा साठत जाते, लॅबमध्ये प्रकाश मारला की ती चमक होऊन बाहेर पडते, जितकी जास्त चमक तितका जास्त अंधारातला काळ. उत्तर आलं इ.स. ३४५ च्या आसपास, म्हणजे साधारण ख्रिस्ती झालेला रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याच्या वेळचं बांधकाम. जागा येशूच्या काळात शहराच्या भिंतीबाहेर होती आणि आजूबाजूला त्याच धर्तीच्या खडकातल्या कबरी आहेत, म्हणजे बसते. पण मधली तीनशे वर्षं चुना सांगू शकत नाही.

उलट दिशेने तपास सगळ्यात सोपा ट्यूरिनच्या कफनाचा, म्हणजे येशूला गुंडाळलेलं म्हणून दाखवतात त्या, माणसाची आकृती उमटलेल्या कापडाचा. १९८८ ला ऑक्सफर्ड, झुरिक आणि अॅरिझोना या तीन लॅबांनी कार्बन डेटिंग केलं, उत्तर १२६० ते १३९०. कापडाचे नमुने दुरुस्तीच्या तुकड्यातले होते असं म्हणणारे अजून आहेत, पण १३८९ मध्येच, कापड फ्रान्समध्ये असताना, तिथल्या त्रुआच्या बिशपने पोपला लिहिलं होतं की हे चित्र काढणारा आधीच सापडला होता. मला इथे जास्त वेळ घालवावासा वाटत नाही.

जन्माच्या कथेत तारखा जुळत नाहीत. मत्तय म्हणतो हेरोद राजा जिवंत होता, तो मेला इ.स.पू. ४ मध्ये. लूक जोडतो रोमन सुभेदार क्विरीनियच्या नावनोंदणीशी, ती झाली इ.स. ६ मध्ये. नऊ-दहा वर्षांची फट बुजवायचे प्रयत्न खूप झाले, एकही पटत नाही. येशू क्रूसावर असताना पडलेल्या दुपारच्या अंधाराला सूर्यग्रहण म्हणणाऱ्यांना तर खगोलशास्त्रच आडवं येतं, यहूद्यांचा वल्हांडण सण, ज्याच्या सुमारास येशू मेला, पौर्णिमेला आणि सूर्यग्रहण अमावस्येला, शिवाय खग्रास स्थिती साडेसात मिनिटांच्या वर जात नाही आणि शुभवर्तमानात तीन तास आहेत. चंद्राचा उपयोग मात्र दुसरीकडे होतो. पिलाताच्या कारकिर्दीत, २६ ते ३६, वल्हांडणाच्या आदल्या दिवशी शुक्रवार कधी आला हे मागे मोजत गेलं की दोनच तारखा ठसठशीत उरतात, ७ एप्रिल ३० आणि ३ एप्रिल ३३. तेव्हा महिना डोळ्यांनी चंद्रकोर बघून सुरू व्हायचा, ढग आले तर एक दिवस पुढे, आणि वल्हांडणाचं जेवण आधी झालं की नंतर यावर योहान आणि बाकी तिघं जुळत नाहीत, पण तरी मरणाची तारीख दोन पर्यायांवर यावी हे त्या काळच्या गरीब माणसासाठी भारीच आहे.

मरण असं जवळजवळ दिवसासकट हातात येतं, आणि त्यानंतरची श्रद्धाही लवकरच दिसायला लागते. मधल्या रविवारच्या पहाटेवर मात्र कुठलाच दिवा पडत नाही, अल्ट्राव्हायोलेट नाही आणि वाळूचे कण नाहीत. सगळ्यात जुनं शुभवर्तमान मार्कचं, साधारण ७० च्या आसपासचं, आणि त्याच्या चौथ्या शतकातल्या दोन नामांकित प्रती आहेत, सिनाईची आणि व्हॅटिकनची. दोन्हींत मार्क सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीवर संपतो, बायका कबरीपासून पळाल्या, कोणाला काही बोलल्या नाहीत, कारण त्या भ्याल्या होत्या. उठलेला येशू प्रत्यक्ष भेटतो त्या पुढच्या ओव्या यांच्यात नाहीत. आणि व्हॅटिकनच्या प्रतीत लिहिणाऱ्याने त्यानंतरचा एक अख्खा रकाना, लिहायचं चामडं एवढं महाग असताना, कोरा सोडून दिला आहे.