ग्रामसभेचा कोरम आणि कडेला बसलेली माणसे

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गावाला राज्यव्यवस्थेचा पाया मानायला ठाम नकार दिला. गाव म्हणजे संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचे आगर, असे त्यांचे म्हणणे होते. तरी पुढे चर्चेत राज्याने ग्रामपंचायती उभाराव्यात असे सांगणारा अनुच्छेद ४० घटनेत आला. ग्रामसभेचा त्यानंतरचा इतिहास या आक्षेपाच्या सावलीतच घडला आहे. सभा कायद्याने भरवता येते, पण तिथे बोलणार कोण? गावकीत ज्यांना कधी विचारलेच नाही त्या बाया, दलित आणि भूमिहीन मजूर तिथे येणार का? एकामागून एक झालेल्या बहुतेक दुरुस्त्या याच प्रश्नापाशी येऊन थांबतात.

महाराष्ट्रात ग्रामसभेला कायद्याचा आधार मिळाला तो १९५८ च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमाने. ग्रामपंचायतीच्या मतदारयादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य असते. हा मुद्दा गावोगाव अजूनही नीट पोचलेला नाही. पंच निवडून येतात, पण ग्रामसभेचे सदस्यत्व मतदार म्हणून आपोआप मिळते. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि अनुच्छेद २४३-अ ने ग्रामसभेला घटनेत जागा दिली. तिला अधिकार कोणते द्यायचे, हे मात्र राज्यांच्या विधिमंडळांवर सोडले.

गणपूर्ती, म्हणजे सगळे म्हणतात तो कोरम, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली जी संख्या कमी ती. दोन हजार मतदारांच्या गावात १५ टक्के म्हणजे ३००, म्हणून तिथे १०० पुरतात. ४०० मतदारांच्या वाडीत ६० लागतात. कोरम भरला नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमची अट नसते. खरी गळती इथे आहे. पहिली सभा जाणूनबुजून अशा वेळी ठेवायची की मजूर रानात असतील, आणि मग तहकूब सभेत वीस-पंचवीस माणसांत ठराव उरकायचे. दुसरा प्रकार याहून वाईट: हजेरीची वही नंतर घरोघर फिरवून सह्या गोळा करणे. म्हणून सभा संपण्याआधी ठराव क्रमांक, सूचक आणि अनुमोदक यांच्यासह इतिवृत्तात लिहून, तो मोठ्याने वाचून घ्यावा, आणि शेवटच्या सहीखाली रेघ ओढावी. एवढे केले की मागाहून नाव घुसवता येत नाही.

वर्षाला किमान चार सभा घ्याव्या लागतात. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी या त्यांच्या रूढ तारखा. पुरेसे कारण नसताना सभा टाळणाऱ्या सरपंचाचे पद जाऊ शकते. जागेबद्दल कायदा फारसे बोलत नाही, पण जागेने बरेच काही ठरते. देवळाच्या मंडपात सभा ठेवली की काही वस्त्या पायरीपाशीच उभ्या राहतात. शाळेचे पटांगण त्यापेक्षा केव्हाही बरे.

२००३ च्या दुरुस्तीने प्रत्येक नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची वेगळी सभा बंधनकारक केली. दीर आणि सासरे समोर बसलेले असताना दारूचा किंवा शौचालयाचा विषय काढणे सोपे नाही, हे त्यामागचे साधे कारण. दारूबंदीच्या मतदानाची तरतूदही त्याच दिशेची आहे. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की उभी बाटली (दुकान चालू) की आडवी बाटली (दुकान बंद) यावर गुप्त मतदान होते. इथे बऱ्याच गावांचा घात होतो, कारण बाटली आडवी करायला झालेल्या मतांचे बहुमत पुरत नाही, एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मते लागतात. माहेरी गेलेली, ऊसतोडीला गेलेली, यादीत नाव राहून गेलेली मयत बाई, सगळ्या उभ्या बाटलीच्याच खात्यात जमा होतात. त्यामुळे मागणीच्या अर्जाआधी मतदारयादी दुरुस्त करून घेणे हे पहिले काम.

आदिवासी भागाची वाट वेगळी आहे. १९९६ चा पेसा कायदा, म्हणजे आदिवासींच्या अनुसूचित क्षेत्रांसाठीचा पंचायत कायदा, आणि त्याखाली महाराष्ट्राने २०१४ मध्ये केलेले नियम यांमुळे पाडासुद्धा स्वतःची ग्रामसभा मागू शकतो. पाड्याने ठराव करून तो उपविभागीय अधिकाऱ्यांकडे पाठवायचा. तीन-चार पाडे मिळून एक ग्रामपंचायत असेल तर दूरच्या पाड्याचे म्हणणे एरवी बुडूनच जाते. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के निधी अबंध, म्हणजे ठरावीक योजनेला न बांधलेला, म्हणून या गावांसाठी येतो, आणि त्याचा खर्च ठरवणे ग्रामसभेचे काम आहे.

पेसाच्याही आधीपासून गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत धरली होती. एकाचाही आक्षेप असेल तर विषय पुढच्या बैठकीत. त्यात वेळ खूप जातो, पण तिथे हरलेला गट उरत नाही. या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला: कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे बंद. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही तसे करावे असे परिपत्रक काढले. एरवी आदेश वरून खाली येतो. इथे शिरोळ तालुक्यातल्या एका गावाचा ठराव मंत्रालयापर्यंत गेला. अशा ठरावाला दंडाची ताकद नसते. अंत्यविधीच्या वेळी त्या घरी कोण जाणार आणि ठराव समजावून सांगणार, त्यांची नावे ठरावातच लिहिली तर तो वहीबाहेर पडतो.